मंदीतली डेमोबाई

गर्दी जमवायला माझ्या आत्याला एक रुमाल पुरायचा. दुकानात शिरलेल्या एखाद्या गृहस्थांना ती म्हणायची, “साहेब, जरा रुमाल देता?” बिचारे द्यायचे. सगळ्यांसमोर ती तो मुठीत चुरगळायची, पिळायची आणि पार चोळामोळा करून टेबलावर टाकायची. गृहस्थ कसनुसे हसायचे, त्यांची बायको मनापासून हसायची, आणि तिचं हसणं ऐकून येणारे-जाणारे थांबायचे. मग आत्या इस्त्री हातात घ्यायची.

घरगुती यंत्रांचं ते दुमजली दुकान. दारातून आत आलं की उजव्या हाताला तिचं काउंटर. त्यावर मिक्सर, शेजारी इस्त्रीचं टेबल, खाली गालिच्याचा एक तुकडा आणि व्हॅक्यूम क्लीनर. नवी वस्तू कशी चालते ते गिऱ्हाइकाला करून दाखवायचं, हे तिचं काम. सगळं दुकान तिला डेमोबाई म्हणायचं. पगार मात्र दुकान देत नव्हतं. तो मिक्सर बनवणाऱ्या कंपनीकडून यायचा, दुकानमालक फक्त उभं राहायला जागा द्यायचे.

सुरुवातीला ती मागच्या खोलीत खोकी उघडायच्या कामावर होती. एकदा डेमो दाखवणाऱ्या माणसाचा आवाज बसला आणि मालकांनी हिला पुढे ढकललं. त्या दिवशी तिने मिक्सर उलटा बसवला, गाजरं उडवली आणि तरीही संध्याकाळपर्यंत सगळे मिक्सर संपवले. आवाज परत आल्यावर तो माणूस खोकी उघडायच्या खोलीत गेला. आत्याने लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, “डेमो बघितला होता, घ्यावासा वाटला नाही.” ती आमच्याच घरी राहायची: ती, तिचा धाकटा भाऊ म्हणजे माझे बाबा, आणि मी.

मग फोनवरची खरेदी आली. लोक आत्यासमोर उभे राहून सगळा डेमो बघायचे, मिक्सरच्या खोक्याचा फोटो काढायचे आणि दाराबाहेर पायरीवर उभं राहून तोच मिक्सर फोनवरून मागवायचे. एका माणसाने तर कमालच केली. फोन तिच्या नाकासमोर धरून विचारलं, “बाई, हेच मॉडेल ना? ऑर्डर करतोय.”

“हेच,” आत्या म्हणाली. “करा की. आणि झाकण बसलं नाही तर त्यालाच हाक मारा, येईल फोनमधून बाहेर.”

माणूस ओशाळला, पण ऑर्डर केलीच. आत्या चिडली नाही. तिचं म्हणणं, लोक अजून बघायला तर येताहेत. बघायला येणारा कधीतरी घेतो.

पण नंतर मंदी आली आणि बघणारेही येईनासे झाले. बाबा कामाला होते तो छापखाना आधी अर्धा दिवस चालू लागला, मग त्याच्या दाराला कुलूप लागलं. आमच्या रस्त्यावर दुकानांमागून दुकानं ‘भाड्याने देणे आहे’ म्हणू लागली. फोनवर रोज कुठला ना कुठला सेल लागलेला असायचा, पण ज्यांच्या नोकऱ्या गेल्या किंवा जायच्या बेतात होत्या ते सेलकडे नुसते बघायचे, पूर्वी डेमोकडे बघायचे तसेच. मालकांनी वरचा मजला बंद केला. पाठोपाठ मिक्सर कंपनीने देशभरच्या सगळ्या डेमोवाल्यांना एकाच दिवशी घरी बसवलं. निरोप फोनवर आला, खाली कुणाची सहीसुद्धा नव्हती.

त्या दिवशी आत्या घरी आली, चपला काढल्या आणि स्वयंपाकघरातली सगळी फडताळं रिकामी करून पुसायला बसली. बाबा दोनदा आत डोकावून आले. मी मदत करू का विचारलं, तर “नको, माझा हात थांबला की डोकं चालतं,” म्हणाली. फडताळं लखलखीत झाली. सकाळी ती नेहमीच्या वेळी दुकानात निघाली.

“अगं ताई, तुझं काम सुटलंय,” बाबा म्हणाले.

“काम सुटलंय. सवय कुठे सुटलीय?”

मालक काउंटर उचलायला माणसं बोलवायच्या तयारीत होते. सभ्य गृहस्थ, पण त्या दिवसांत त्यांच्या कपाळाची आठी काही केल्या मोडत नव्हती. आत्या म्हणाली, “काउंटर राहू द्या, मालक. गिऱ्हाईक येत नाही ना? मग मी जाते त्याच्याकडे.”

“दारोदार?”

“दारोदार कशाला? तुमच्या लेकीने दुकान मांडलंय ना फोनवर?”

मांडलं होतं. मालकांची मुलगी दुसऱ्या गावी नोकरी करायची. तिच्याही कंपनीने माणसं कमी केली, तशी ती घरी परत आली होती. हुशार, मेहनती पोरगी. तिने दुकानाची वेबसाइट बनवली होती, प्रत्येक वस्तूचा फोटो, माहिती, सगळं नीटनेटकं. पण मोठमोठ्या कंपन्यांच्या गर्दीत आमचं दुकान शोधायला कोण येणार? आत्याने फोनवर बोट फिरवून सगळे फोटो पाहिले.

“छोट्या मालकीणबाई, दिसतंय छान. पण सगळी खोकीच खोकी. एक तरी वस्तू चालू करू या का?”

मुलगी हसली. “मी हेच बाबांना सांगतेय, काकू. लाइव्ह डेमो करू. तुम्ही बोला, कॅमेरा मी सांभाळते.”

पहिला लाइव्ह पार फसला. समोर माणसं नाहीत म्हटल्यावर आत्याला सूरच सापडेना. ती कॅमेऱ्यावर ओरडायला लागली, जणू तो ऐकायला कमी येणारा नातेवाईक होता. रुमाल मागायला कोणी नव्हतं. पाहणारेही मोजकेच, आणि त्यातही निम्मे आमच्या सोसायटीतले. संपल्यावर ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, “मला चेहरे लागतात गं. कोण कंटाळलाय, कोणाला पटलंय, कोण नवऱ्याला कोपर मारतेय, ते दिसल्याशिवाय पुढचं वाक्य येत नाही मला.”

मुलीने दोन उपाय केले. एक मोठा पडदा कॅमेऱ्याशेजारी लावला, म्हणजे लोकांनी पाठवलेले प्रश्न मोठ्या अक्षरांत दिसतील. आणि पडद्याच्या बाजूला एक खुर्ची ठेवून त्यावर माझ्या बाबांना बसवलं. घरी बसून ते तसेही भिंतींशी भांडत होते. त्यांनी फक्त गिऱ्हाईक व्हायचं. बाबांइतकं अवघड गिऱ्हाईक शोधून सापडलं नसतं. ते हाताची घडी घालून बसायचे, मधूनच जांभई द्यायचे, एकदा तर सरळ घोरले. आत्या चवताळून उठली. “हे बघा, माझा सख्खा भाऊ झोपलाय! आता मी याला जागं करणारा मिक्सर दाखवते!” पडद्यावर हसण्याचा पाऊस पडला. सूर लागला.

लोक वाढले, पण विक्री होईना. आणि प्रश्न वेगळेच येत होते. नवा मिक्सर केवढ्याला, हे कोणी विचारत नव्हतं. ‘आमच्या जुन्याचं झाकण गळतं.’ ‘भांडं खालून ओलं होतं.’ ‘चालू होतो आणि मध्येच बंद पडतो.’ आत्या प्रश्न वाचत गेली आणि मधेच थांबून मुलीला म्हणाली, “अगं, नव्याचं कोणी विचारतच नाहीये. यांना जुना चालवायचाय. उद्या जुना मिक्सर घेऊ.”

जुना मिक्सर म्हणजे आमच्याच घरचा. दुसऱ्या दिवशी तिने उकडलेले टोमॅटो भांड्यात टाकले, झाकण लावलं आणि गळतं कुठून ते दाखवायला बटण फिरवलं. झाकणाखालची रबराची रिंग वर्षानुवर्षांच्या वापराने कडक झाली होती, टोमॅटो अजून गरम होते, आणि बोलण्याच्या नादात आत्याने झाकणावरचा हात काढला. झाकण उडालं. टोमॅटो तिच्या चष्म्यावर, मागच्या भिंतीवर, छतावर आणि बाबांच्या पांढऱ्या शर्टावर. मुलीने कॅमेरा बंद करायला हात पुढे केला, पण आत्याने लाल बोटानेच तिला खूण केली: थांब.

तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला.

“बघितलंत? गरम घालू नका, हात काढू नका. आणि तिसरी चूक ही.” तिने भिंतीपाशी पडलेलं झाकण उचललं, त्यातली रिंग ओढून काढली आणि कॅमेऱ्यासमोर वाकवली. रिंग कट्कन तुटली. “रबर होतं, आता बांगडी झालीय. मिक्सर बिघडलेला नाही. एवढंच बिघडलंय.”

मागच्या टेबलावर दुकानाचे दुरुस्ती मिस्त्री बसायचे. त्यांच्याकडून तिने नवी रिंग मागून आणली, बसवली, गार टोमॅटो घातले, झाकणावर हात ठेवला आणि बाबांना उठवून मिक्सरला चिकटून उभं केलं. बाबा डोळे मिटून उभे राहिले. या वेळी थेंबही उडाला नाही.

पडद्यावर कोणीतरी विचारलं, ‘मुद्दाम केलंत ना?’

“मुद्दाम?” आत्या म्हणाली. “हा शर्ट धुणार कोण, माहीत आहे का तुम्हाला?”

तो व्हिडिओ आमच्या अंदाजाच्या पलीकडे गेला. लोकांनी एकमेकांना पाठवला, हसले, आणि हसून झाल्यावर आपापल्या मिक्सरचं झाकण उघडून पाहिलं. वेबसाइटवर रिंगची मागणी सुरू झाली. मुलगी रात्रंदिवस नवी पानं चढवत होती, आणि बाबा, ज्यांनी आयुष्यभर छापखान्यात कागदाचे गठ्ठे बांधले होते, ते रिंगांची पाकिटं अशी चापूनचोपून बांधायला लागले की कुरिअरवालाही हात लावून बघायचा.

मग पाकिटं परत यायला लागली. मिक्सर शंभर तऱ्हेचे, दिसायला सारख्या रिंगा जरा लहान नाहीतर जरा मोठ्या. लोकांनी फोटो पाहून मागवल्या, त्या बसल्या नाहीत. वस्तू स्वस्त आणि कुरिअर महाग, त्यामुळे परत आलेलं प्रत्येक पाकीट अंगावर यायचं. त्यात मिस्त्रींचं बिनसलं.

“बाई, तुम्ही लोकांना घरीच दुरुस्ती शिकवताय. माझ्या पोटावर पाय देताय.”

आणि मालकांनी एका सकाळी सगळ्यांसमोर काउंटरवर हात आपटला. “रबरं विकून दुकान चालतं का? ज्याचा जुना मिक्सर चालू झाला, तो नवा कशाला घेईल? तुम्ही माझं गिऱ्हाईक कापताय, बाई!”

“आज तो नवा घेतोय का, मालक? कोणाकडून तरी घेतोय का?”

“आज नाही. उद्या घेईल!”

“उद्या घेईल तेव्हा त्याला कोण आठवेल? ज्याने सेल लावला तो, की ज्याने झाकण बसवून दिलं तो?”

तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला. मुलीने वेबसाइटवर नवी सोय केली होती: बटण दाबलं की गिऱ्हाइकाला थेट आत्याचा चेहरा दिसायचा. पलीकडे एक बाई, डोक्याला फडकं बांधलेलं, मागे गॅसवर मोठालं पातेलं. घाबरलेली.

“मिक्सर बंद पडला हो. सूप करून डबे देते मी ऑफिसांत. नवऱ्याचं काम गेलंय, आता हेच आहे. अकरा वाजता डबे न्यायला येतात.”

“काय वाटत होतात?”

“गाजरं. जरा जास्तच भरली होती.”

“पाण्याशिवाय?”

“हो.”

“आधी प्लग काढा. भांडं बाजूला ठेवा. मिक्सर आडवा करा, तळ मला दाखवा. हं, जरा उजेडात. ते लाल बटण दिसतंय? जळला नाही तुमचा मिक्सर, दमलाय. त्याला जरा गार होऊ द्या. तोवर अर्धी गाजरं काढा, पाणी घाला.”

दोघी थांबल्या. आत्या तिला सूपात काय काय घालते ते विचारत राहिली, बाई उत्तरं देता देता शांत झाली. मालक जागचे हलले नव्हते.

“आता बटण दाबा. लावा प्लग.”

घर्र आवाज आला. बाईने दोन्ही हात तोंडावर धरले. मग म्हणाली, “तुमचे किती द्यायचे?”

“कसले? बटण तुमचंच आहे.”

“मग दुकानाचं नाव तरी नीट सांगा. आमच्या इमारतीत सगळ्यांना पाठवते.”

फोन बंद झाला. मालकांनी कोरड्या आवाजात विचारलं, “काय विकलंत?”

“काहीच नाही.”

मालक खुर्चीवर बसले. त्यांनी हे दुकान स्वतः उभं केलं होतं, आणि फोन ठेवताना गिऱ्हाइकाचा चेहरा कसा होता ते त्यांनाही दिसलं होतं. ते लेकीला म्हणाले, “ती परत येणारी पाकिटं थांबवता येतील का? त्याचं बघ आधी.”

तिने बघितलं. लोकांनी झाकण पट्टीशेजारी ठेवून फोटो पाठवायचा, असं तिने ठरवलं. वेबसाइट फोटोवरून माप काढायची, आणि शंका वाटली तर पाकीट निघण्याआधी फोटो मिस्त्रींकडे जायचा. मिस्त्रींना पहिल्यांदा हे पटेना. पण लवकरच दुसरी गंमत दिसली. जे घरी दुरुस्त होण्यासारखं नव्हतं, जळलेल्या मोटारी, तुटलेले दांडे, ते सगळं लांबलांबून कुरिअरने त्यांच्याच टेबलावर येऊ लागलं. टेबल पुरेना. बंद पडलेल्या वरच्या मजल्याचं कुलूप काढलं आणि मिस्त्री हाताखाली दोन माणसं घेऊन वर गेले. “बाई,” ते जिन्यावरून ओरडले, “पाय काढा आता पोटावरून, जेवायला वेळ नाही!”

मंदी काही एका दिवसात गेली नाही. त्या काळात आमच्या रस्त्यावरची आणखी दुकानं मिटली. आमचं टिकलं, आणि आत्याचा पगार आता दुकानातून यायला लागला. इस्त्रीच्या वायरी, कुकरची शिटी, व्हॅक्यूमच्या पिशव्या, सगळं आत्या लाइव्ह दाखवायची आणि लोक मागवायचे. आणि हळूहळू नवे मिक्सरही खपायला लागले. ज्यांचा जुना खरंच संपला होता, ते दुसरीकडे स्वस्त मिळत असूनही आत्याला विचारून घ्यायचे. ती कधीकधी म्हणायची, “हा घेऊ नका, याचं झाकण मला पसंत नाही,” आणि मालक मागे कपाळ धरून बसायचे. पण पूर्वीसारखे तक्रार करत नसत.

मग एक दिवस मिक्सर कंपनीचा अधिकारी स्वतः आला. अदबीने वागणारा तरुण माणूस. कंपनीला आत्या परत हवी होती, पूर्वीपेक्षा चांगल्या पगारावर, कंपनीच्या स्वतःच्या लाइव्हसाठी. फक्त नवं मॉडेल दाखवायचं, जुन्याबद्दल बोलायचं नाही. त्याने तो मिक्सर काउंटरवर ठेवला. देखणा होता, खोटं कशाला बोला.

आत्याने झाकण उघडून बोट फिरवलं. “याची रिंग सुटी मिळते?”

“नाही, झाकणासकट घ्यावी लागते.”

“आणि झाकण?”

अधिकारी घुटमळला. “ते... भांड्यासकट.”

“आणि भांडं घरासकट?” खुर्चीवरून बाबांनी विचारलं.

अधिकारीही हसला. आत्याने विचार करायला वेळ मागितला, आणि तो विचार तिने खरोखर केला. कायमचा पगार होता आणि वय पन्नाशी ओलांडून गेलेलं. जेवताना तिने आम्हाला विचारलं. बाबा म्हणाले, “घे.” मी म्हणाले, “घे.” ती ताटात बोट फिरवत म्हणाली, “घेतला असता. पण उद्या त्या डबेवाल्या बाईसारखं कोणी विचारलं, तर मी तोंड मिटून बसायचं? ते मला जमणार नाही. पगारापायी आजारी पडेन.”

दुसऱ्या दिवशी तिने कंपनीला सरळ निरोप धाडला: रिंगा सुट्या द्या, मी तुमचाच मिक्सर सगळ्यात आधी दाखवेन. उत्तर आलं नाही. तेवढ्यावर ती थांबली नाही. निरोप गेला त्याच दुपारी ती मालकांच्या टेबलासमोर जाऊन बसली.

“मालक, कंपनीचं काम मी नाकारलंय.”

“कळलं मला. पगार वाढवतो, बाई. तेवढं नक्की.”

“पगार नको. ऑनलाइन दुकानात भागी हवी. तुमची लेक, तुम्ही आणि मी.”

मालकांना ठसका लागला. त्यांनी दुकान उभं केल्यापासून त्यात घराबाहेरचा भागीदार कधी झालेला नव्हता. ते म्हणाले, विचार करावा लागेल, सल्ला घ्यावा लागेल, नातेवाईक काय म्हणतील. आत्या म्हणाली, “घ्या ना सल्ला. मी काउंटरवर आहे.” मुलगी मात्र तिथल्या तिथे म्हणाली, “बाबा, मी माझ्या बाजूने हो म्हणतेय. काकू गेल्या तर माझ्याकडे फक्त खोक्यांचे फोटो उरतील.” मालकांचा सल्ला बरेच दिवस चालला. शेवटी ते एका दुपारी काउंटरपाशी आले आणि इकडेतिकडे बघत म्हणाले, “भागीदारीण, जरा कागदपत्रं बघायला येता का?”

आता दिवस बरे आलेत. बंद पडलेल्या दुकानांपैकी काहींना नवे भाडेकरू मिळालेत. बाबा पाठवणी विभागाचे साहेब झालेत, आणि घरी रविवारी कोणी मिक्सरचं नाव काढलेलं आत्याला चालत नाही. तिने दोन बायकांना हाताखाली घेतलंय, त्यातली एक कपड्यांच्या बंद पडलेल्या दुकानात होती. परवा तिचा पहिला लाइव्ह होता. कॅमेरा सुरू व्हायच्या आधी ती आरशात हसण्याचा सराव करत होती.

आत्या म्हणाली, “हसू नकोस गं उगाच. त्यांना तुझे दात नकोत, हात हवेत. हात दिसतील असे ठेव.”

“आणि चुकलं तर?”

“चुकलं तर सांगायचं, चुकलं म्हणून. आणि परत करून दाखवायचं. चल, बाह्या वर कर.”

तिने बाह्या वर केल्या. आत्या बाजूच्या खुर्चीवर जाऊन बसली, हाताची घडी घातली, आणि जगातलं सगळ्यात अवघड गिऱ्हाईक असल्यासारखा चेहरा केला.